कमी पैशांत मुलीचे बुद्धिबळ कसे सुधारावे? (तासगाव, जि. सांगली)

प्रश्न: तासगावचा पालक

नमस्कार. मी तासगाव येथे एका कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या आवक-जावकीच्या नोंदी ठेवण्याचे काम करतो. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत शिकते. तिला बुद्धिबळाची जी ओढ लागली आहे ती पाहता तिच्यासाठी काय करता येईल, हे जाणत्या मंडळींना विचारावे म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

खेळ तिला माझ्या वडिलांनी शिकवला. वडील जुन्या देशी पद्धतीने खेळत आलेले; त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकते, किल्लेकोट (राजा आणि हत्ती यांना एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेणे) नसतो, आणि ज्या राजाला अद्याप शह बसलेला नाही त्याला डावात एकदा घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असते. शाळेत तिला आंतरराष्ट्रीय नियम समजले तेव्हा घरात दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी वाद होत असे. आता वडीलही नव्या नियमांनी खेळतात, आणि गेल्या दिवाळीपासून ते तिच्याकडून बहुतेक डाव हरत आहेत. हरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते मी पूर्वी क्वचितच पाहिले होते.

गेल्या महिन्यात ती एका शालेय स्पर्धेत खेळली. शेवटच्या फेरीत तिच्याकडे वजीर होता आणि समोरच्या मुलाकडे फक्त राजा उरला होता. पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे आकडे असतात; त्यानुसार काळा राजा एच-८ या कोपऱ्यातील घरात आणि तिचा वजीर ई-७ वर होता. तिने वजीर एफ-७ वर नेला. राजाला शह नव्हता, पण हलायला एकही घर उरले नाही, आणि पंचांनी डाव बरोबरीत सुटल्याचे सांगितले. अर्ध्या गुणाने तिचे बक्षीस हुकले. त्या रात्री ती जेवली नाही, परंतु दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर तिने तीच स्थिती पटावर मांडली आणि ‘आजोबा, इथे काय करायला हवं होतं?’ असे विचारले. आजोबांना उत्तर देता आले नाही, मलाही देता आले नाही.

यापूर्वी आम्ही तिला एका शिकवणी वर्गात घातले होते. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. तेथे मुलांच्या जोड्या लावून दिल्या जात आणि शिक्षक बाजूला बसत; डाव संपल्यावर कोठे चुकले हे कोणी सांगत नसे. आता सांगलीतील ज्या दुसऱ्या वर्गाची चौकशी केली तेथे महिन्याला अडीच हजार रुपये आणि एसटीचे भाडे वेगळे. माझ्या पगारात ते बसत नाही, आणि कर्ज काढून शिकवण्याची माझी तयारी नाही, हे स्पष्टच सांगतो. घरात मोबाइल एकच आहे आणि तो दिवसभर माझ्याबरोबर कामावर असतो. मी सातनंतर घरी येतो. अशा परिस्थितीत तिने घरी काय करावे, संगणकावर किती विसंबावे आणि रेटिंगच्या (खेळाडूचे बळ दाखवणाऱ्या अधिकृत आकड्याच्या) स्पर्धांसाठी धडपड करावी की नाही, याविषयी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर: गावभाग

आपला प्रश्न वाचून राहवले नाही. मी सांगलीच्या गावभागात राहणारा निवृत्त शिक्षक असून पन्नासहून अधिक वर्षे हा खेळ खेळत आलो आहे. मोठा खेळाडू झालो नाही, पण शिकण्यासाठी मी वह्या आणि शाई यांपलीकडे फारसा खर्च कधी केला नाही, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो.

प्रथम त्या अर्ध्या गुणाविषयी, कारण मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला आधी मिळाले पाहिजे. एकट्या राजाला वजिराने रेटत नेण्याची एक सोपी पद्धत अशी आहे की, आपला वजीर विरुद्ध राजापासून घोड्याच्या अडीच घरांवर ठेवायचा आणि तो राजा ज्या दिशेला जितका सरकेल त्याच दिशेला वजीरही तितकाच सरकवायचा. शह द्यायचाच नाही. असे करत गेले की राजा आपोआप कडेला आणि मग कोपऱ्यात जातो. मुलीने नकळत हेच केले असावे: राजा जी-८ वरून एच-८ वर गेला, म्हणून तिने वजीर ई-७ वरून एफ-७ वर नेला. पद्धत बरोबर होती, फक्त कोपरा आल्यावर थांबायचे असते एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते. वजीर ई-७ वरच ठेवला असता तर काळ्या राजाला एच-८ आणि जी-८ या दोनच घरांत येरझारा घालाव्या लागल्या असत्या, आणि तेवढ्या वेळात तिला आपला राजा सावकाश जी-६ पर्यंत चालवत आणता आला असता. राजा जी-६ वर पोहोचला की वजीर जी-७ वर ठेवताच मात होते, मग काळा राजा त्या दोहोंपैकी कोणत्याही घरात असो. हे आजोबांना दाखवा आणि दोघांनाही आलटूनपालटून दहा-दहा वेळा करू द्या.

मुलीने दुसऱ्या दिवशी स्वतः होऊन पट मांडला, ही मला आपल्या संपूर्ण पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. सुधारणा तेथूनच होते. तिला एक दोनशे पानी वही आणून द्या. प्रत्येक डाव, मग तो आजोबांशी खेळलेला का असेना, तिने चालींसह लिहून काढावा. डाव्या पानावर चाली लिहाव्यात, उजवे पान कोरे ठेवावे. दुसऱ्या दिवशी तोच डाव पुन्हा पटावर मांडून उजव्या पानावर तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात: मला कोणत्या चालीपासून भीती वाटू लागली, त्या वेळी मी दुसरी कोणती चाल पाहिली होती, आणि समोरच्याची कोणती चाल मला दिसलीच नव्हती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहायला सर्वांत जड जाते आणि उपयोगही त्याचाच सर्वांत जास्त होतो. आठवड्याला असे दोन डाव नीट झाले तरी पुष्कळ आहे.

माझ्या अशा चौदा वह्या होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आमच्या घरात शिरले तेव्हा माळ्यावर ठेवलेल्या तीन वाचल्या आणि बाकीच्या अकरा लगदा होऊन हाती आल्या. पाणी ओसरल्यावर मी त्या उन्हात पसरून पाने सुटी करण्याचा प्रयत्न केला, पण शाई पसरली होती. मला दुःख झाले, ते होणारच. परंतु नंतर एके दिवशी पटापुढे बसलो तेव्हा लक्षात आले की, ज्या डावांवर मी उजव्या पानावर मनापासून लिहिले होते ते सारे मला आठवत होते आणि ज्यांच्या नुसत्या चाली उतरवल्या होत्या ते पार पुसले गेले होते. म्हणून उजव्या पानाचा एवढा आग्रह धरतो.

आरंभीच्या चाली पाठ करण्यात या वयात वेळ घालवू नये. मोहरे लवकर बाहेर काढावेत, मधली घरे धरावीत, राजाला किल्लेकोटात न्यावे. सुरुवातीला एवढे पुरते. त्याऐवजी डावाच्या शेवटावर भर द्यावा, कारण पटावर मोहरे कमी असल्याने आजोबा आणि नात ते दोघेच बसून तपासू शकतात, पुस्तकाची किंवा शिक्षकाची गरज पडत नाही. एक स्थिती देतो. पांढरा राजा ई-५ वर, पांढरे प्यादे ई-४ वर आणि काळा राजा ई-७ वर. दुसरे काहीही नाही. येथे चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, आणि चाल पांढऱ्याची असेल तर काळ्याने नीट खेळल्यास डाव बरोबरीत सुटतो. मोहरे तेच, घरेही तीच, फक्त पाळी कोणाची यावर निकाल फिरतो. असे का होते हे तिला सांगू नका. दोन्ही बाजूंनी खेळून तिचे तिला सापडू द्या. आठवडा लागला तरी चालेल. राजांनी समोरासमोर येऊन एकमेकांची वाट अडवण्याचा हा प्रकार एकदा हाती लागला की प्याद्यांचे निम्मे शेवट उलगडतात.

पुस्तक घ्यायचेच असेल तर विकत घेण्याची गरज नाही. जगज्जेते होझे राउल कापाब्लांका यांचे १९२१ सालचे ‘चेस फंडामेंटल्स’ हे पुस्तक स्वामित्वहक्काची मुदत संपल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य आणि कायदेशीरपणे मिळते. इंग्रजी सोपे आहे, आपण रोज अर्धे पान वाचून सांगितले तरी चालेल. त्यातील चाली मात्र जुन्या पद्धतीने लिहिलेल्या आहेत. तेथे प्रत्येक खेळाडू घरे आपापल्या बाजूने मोजतो, त्यामुळे एकाच घराला दोन नावे असतात. त्या चाली आजच्या पद्धतीत वहीत उतरवणे हा मुलीसाठी चांगला सराव होईल.

आपल्या वडिलांच्या देशी पद्धतीविषयी एक सांगतो, ते त्यांना अवश्य वाचून दाखवा. मीर सुलतान खान हे पंजाबातील खेळाडू याच देशी नियमांवर वाढले होते. १९२९ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही ते त्यांनीच जिंकले, आणि दरम्यान हेस्टिंग्जच्या स्पर्धेत खुद्द कापाब्लांकांना हरवले. आरंभीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान त्यांच्याकडे जवळजवळ नव्हते. डावाचा मध्य आणि शेवट यांवर त्यांची सारी भिस्त होती.

आणि शेवटी आपल्या गावाविषयी. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले. पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद आणि १९९१ मध्ये आशियाई महिला अजिंक्यपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच सांगलीच्या. तासगावहून सांगली काही लांब नाही. एखाद्या सुटीच्या दिवशी मुलीला आणि आजोबांना घेऊन या, जेथे मंडळी पट मांडून बसतात तेथे जा, आणि कोणाही जाणत्या खेळाडूला ‘हा तिचा एक डाव पाहाल का?’ असे विचारा. तिची वही हातात असेल तर सहसा कोणी नाही म्हणणार नाही.

उत्तर: कोरेगावकर

काकांनी लिहिलेले बहुतेक सारे मला पटते, तरी दोन ठिकाणी थोडे वेगळे मत मांडते.

मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात वाढले. घरात बुद्धिबळ खेळणारे कोणीच नव्हते, म्हणजे आपल्या मुलीला आजोबा आहेत तसेही मला कोणी नव्हते. दहावीनंतरच्या सुटीत मामांच्या जुन्या मोबाइलवर मी खेळू लागले आणि पुढे महाविद्यालयाच्या संघातून विद्यापीठाच्या स्पर्धेपर्यंत पोहोचले. शिकवणीला एक रुपयाही दिला नाही. त्यामुळे मोबाइलविषयी जे सांगते ते अनुभवाचे आहे.

लिचेस नावाचे संकेतस्थळ आणि त्याचे ॲप पूर्णपणे विनामूल्य आहे. २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच संगणक-प्रणालीकाराने ते सुरू केले. ते देणग्यांवर चालते, त्यात जाहिराती नाहीत, आणि पैसे भरणाऱ्याला मिळते ते सारे न भरणाऱ्यालाही मिळते. अन्य प्रसिद्ध संकेतस्थळांवर विनामूल्य खात्याला रोज मोजकीच कोडी सोडवता येतात, येथे तशी मर्यादा नाही. ही कोडी खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या डावांतून काढलेली असतात. ॲपमध्ये कोडी आधीच उतरवून ठेवता येतात, म्हणजे घरी नेटवर्क नसले तरी अडत नाही. खेळताना फक्त चालींची देवाणघेवाण होत असल्याने डेटा अगदी नाममात्र लागतो. डेटा खातात ते व्हिडिओ. आणि आपली मुलगी अकरा वर्षांची आहे, तेव्हा खाते उघडल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन ‘किड मोड’ चालू करा. त्याने अनोळखी माणसांशी संदेशांची देवाणघेवाण बंद होते. हे पहिल्याच दिवशी करावे असा माझा आग्रह आहे.

मोबाइल सातनंतर मिळतो ही गोष्ट मला अडचणीची वाटत नाही, उलट बरीच वाटते. माझ्या हातात मोबाइल दिवसभर असायचा आणि मी पहिली दोन वर्षे तीन-तीन मिनिटांचे डाव खेळण्यात घालवली. एका रात्रीत चाळीस डाव खेळल्याचे आठवते. त्या दोन वर्षांत मी पटापट मोहरे हलवायला शिकले, बुद्धिबळ फारसे शिकले नाही. मग एकदा वीज गेली, मोबाइल बंद पडला, आणि मी मेणबत्तीच्या उजेडात नेमका आदल्या दिवशी हरलेला डाव आठवून पटावर मांडायला बसले. बाराव्या चालीपुढे मला काहीच आठवेना. चाळीसपैकी एकही डाव मला बारा चालींपुढे आठवत नव्हता. तेव्हापासून मी पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढीव, असाच डाव खेळत आले. आपल्या मुलीनेही रात्री असा एकच डाव खेळावा आणि त्याशिवाय दहा कोडी सोडवावीत.

कोडी सोडवण्यात बहुतेक मुले एक चूक करतात. पहिली चाल चांगली दिसली की लगेच बोट लावून पाहतात. बरोबर आली तर पुढची शोधतात, चुकली तर दुसरे कोडे घेतात. यात अंदाज बांधण्याचा सराव होतो, विचाराचा होत नाही. तिने संपूर्ण उत्तर, समोरच्याच्या चालींसह, आधी वहीत लिहावे आणि मगच पडद्याला बोट लावावे. कोडे पटावर मांडून सोडवले तर आणखी चांगले, कारण स्पर्धेत समोर पट असतो, पडदा नसतो.

आता मतभेदाचा पहिला मुद्दा. काकांनी संगणकाचा उल्लेखच केला नाही. माझ्या मते ज्या घरात जाणता शिक्षक नाही त्या घरात संगणकाचे विश्लेषण हवेच, कारण आपल्याला न दिसलेली चाल दुसऱ्या दिवशीही न दिसण्याचीच शक्यता असते. स्टॉकफिश हे जगातील सर्वांत बलाढ्य बुद्धिबळ इंजिनांपैकी (चाली तपासणाऱ्या संगणक-प्रणालींपैकी) एक, आणि तेही विनामूल्य. लिचेसवर डाव संपल्यावर एका बटणाने ते सारा डाव तपासून देते. मात्र क्रम पाळावा: आधी काकांनी सांगितलेले उजवे पान लिहून पूर्ण करावे, नंतर संगणकाला विचारावे, आणि जेथे दोघांची मते जुळत नाहीत तेवढ्याच जागा पुन्हा मांडून पाहाव्यात. संगणक ‘ही चाल वाईट’ एवढेच सांगतो, का वाईट ते सांगत नाही. ते शोधण्यासाठी समोरच्याची सर्वांत कडक चाल स्वतः खेळून पाहावी लागते.

दुसरा मुद्दा सुलतान खान यांचा. त्यांचे उदाहरण मोठे आहे, पण ते एकटे नव्हते. सर उमर हयात खान हे श्रीमंत जहागीरदार त्यांचे आश्रयदाते होते, त्यांनीच त्यांना इंग्लंडला नेले. आश्रय संपल्यावर त्यांचे स्पर्धांतील खेळणेही जवळजवळ थांबले. २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला, पण त्यांची उमेदीची वर्षे निघून गेली ती गेलीच. घरी बसून विनामूल्य पुष्कळ शिकता येते. पटापुढे बसायला, प्रवासाला, चार चांगल्या खेळाडूंच्या सहवासाला मात्र कोठे ना कोठे पैसा लागतो. म्हणून माझी सूचना अशी की, शिकवणीवर महिना अडीच हजार घालण्याऐवजी त्यातले जमतील तेवढे, अगदी दोनशे रुपये का असेनात, दरमहा बाजूला ठेवावेत आणि ते फक्त स्पर्धांसाठी वापरावेत. आणखी एक करता येईल: तासगावातच अशी चार-पाच मुले असतील, त्यांच्या पालकांनी मिळून एखाद्या चांगल्या खेळाडूला महिन्यातून एकदा बोलवावे. त्या दिवशी नवीन काही शिकवायला सांगू नये, सर्व मुलांच्या वह्या तपासायला सांगावे. तीन तासांत महिन्याभराच्या चुका समोर येतात.

उत्तर: मिरजेचा पंच

मी स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो, त्यामुळे रेटिंग आणि खर्च यांविषयीच लिहितो.

सध्या रेटिंगच्या मागे लागू नये. आंतरराष्ट्रीय रेटिंग मिळण्यासाठी रेटिंग असलेल्या खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव खेळावे लागतात, आणि १ मार्च २०२४ पासून जागतिक महासंघाने रेटिंगची किमान पातळी १००० वरून १४०० केली आहे. म्हणजे कामगिरी त्या पातळीला पोहोचली नाही तर नाव यादीत येतच नाही. मी अशी कित्येक कुटुंबे पाहतो की, जी प्रवेश फी, राहणे, खाणे यांवर एका स्पर्धेत चार-पाच हजार रुपये खर्च करतात आणि मूल पहिल्या तीन फेऱ्या हरल्यावर उरलेले दोन दिवस सभागृहाबाहेर बसून काढते. त्या मुलांचे चेहरे पाहवत नाहीत. वजिराची मात आणि प्याद्यांचे साधे शेवट पक्के होईपर्यंत स्थानिक, रेटिंग नसलेल्या स्पर्धा खेळाव्यात. त्यांची फी कमी असते आणि बहुधा एकाच दिवसात उरकतात, म्हणजे मुक्कामाचा खर्च नाही.

शालेय क्रीडा स्पर्धा तर सोडूच नयेत. त्यात १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, नोंदणी शाळेमार्फत होते आणि तालुक्यातून जिल्हा, विभाग, राज्य असा मार्ग असतो. काही शाळा बुद्धिबळाचा संघ पाठवायला विसरतात, त्यामुळे जून-जुलैमध्येच मुख्याध्यापकांना भेटून आठवण द्यावी. महासंघाच्या वयोगट स्पर्धांत वय त्या वर्षाच्या १ जानेवारीला धरले जाते; जन्मदाखल्याची प्रत नेहमी जवळ ठेवावी.

प्रवासाचे म्हणाल तर मार्च २०२३ पासून एसटीमध्ये महिलांना निम्मे तिकीट आहे, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते आधीपासूनच आहे. मुलीबरोबर तिची आई आली तर दोघींचा प्रवास एका तिकिटात होतो.

मोबाइलविषयी एक ताकीद देतो. खेळण्याच्या सभागृहात तो नेऊच नये. खेळाडूच्या जवळ मोबाइल सापडला तर डाव गमवावा लागतो, मग तो बंद का असेना. माझ्यासमोर एका मुलाच्या दप्तरात आईने काळजीपोटी ठेवलेला मोबाइल वाजला. नियम लावताना माझा जीव तुटला, पण लावावाच लागला.

घड्याळ विकत घेऊ नये. स्पर्धेत ते बहुधा आयोजक देतात आणि घरच्या सरावाला लिचेसच्या ॲपमधील घड्याळ पुरते. गुंडाळता येणारा पट आणि प्लॅस्टिकचे मोहरे मात्र प्रमाणित आकाराचे घ्यावेत, कारण लहान पटावर सराव केलेल्या मुलाला मोठ्या पटाच्या दुसऱ्या टोकाचा उंट दिसत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे.

तासगावचा पालक

आपणा तिघांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण सौद्यांच्या दिवसांत घरी यायला उशीर होतो.

वही आणली. पहिल्या पानावर तिने तोच एच-८ चा शेवट लिहिला आहे आणि समोर उजव्या पानावर ‘राजा कोपऱ्यात गेला हे मी बघितलं, पण त्याला कुठे जाता येतं ते नाही बघितलं’ असे लिहिले आहे. वजिराची मात आता दोघांनाही न चुकता जमते. वडिलांनी परवा मुद्दाम काळा राजा घेतला आणि तिने कोपऱ्यात वजीर थांबवून आपला राजा एकेक घर चालवत आणला तेव्हा, ‘आता सावकाश, घाई नाही,’ असे ते स्वतःच्याच विरुद्ध तिला सांगत होते. ई-५ आणि ई-४ ची स्थिती अजून सुटलेली नाही. मुलगी म्हणते की पांढरा नेहमीच जिंकतो, वडील म्हणतात की नाही, आणि मी काकांचे ऐकून गप्प बसलो आहे.

किड मोड लावला आहे. पुढच्या रविवारी आम्ही तिघे सांगलीला येणार आहोत.

एक शंका राहिली. मुलगी मराठी शाळेत असल्याने वहीत मोहऱ्यांसाठी ‘व’, ‘ह’, ‘घो’ अशी अक्षरे लिहिते. स्पर्धेत चाली लिहिताना हे चालेल की इंग्रजी अक्षरेच सक्तीची आहेत? आतापासून सवय मोडायची तर मोडू.

मिरजेचा पंच

सवय मोडण्याचे कारण नाही. मोहऱ्याच्या नावाचे आद्याक्षर आपल्या देशात रूढ असलेल्या नावाप्रमाणे लिहिण्याची मुभा नियमांतच दिलेली आहे, त्यामुळे ‘व’, ‘ह’, ‘उं’, ‘घो’, ‘रा’ चालतील. पट्ट्यांची अक्षरे मात्र तिने पटाच्या कडेला छापलेली असतात तीच इंग्रजी लिहावीत, आणि ओळींना १ ते ८ हे आकडे. अक्षर एवढे स्वच्छ हवे की वाद झाल्यास पंचाला डाव त्या कागदावरून पुन्हा मांडता आला पाहिजे. पहिल्या फेरीपूर्वी तिने स्वतः पंचांना एकदा दाखवून घ्यावे, म्हणजे मधे कोणी हरकत घेतली तरी तिचा वेळ जाणार नाही.